नईम साबांची राहिलेली चाल

त्या दिवशी मी नारायणगुड्याला गेलो तो फक्त डबा द्यायला. माझी लेक गीता सकाळी घाईत निघाली आणि डबा चुलीजवळच राहिला. तिची आई सखू म्हणाली, "जाऊन देऊन या. उपाशी पोटी पोरीचं डोकं कसं चालायचं?" खरं तर सखूला त्या खेळाचं कौतुक नव्हतं. लाकडाची माणसं इकडून तिकडे हलवून कुणाचं पोट भरतं, असं ती कायम म्हणायची. पण त्या दिवशी डब्यात तिने अंडं घातलं होतं, हे मला पिशवीच्या वासावरून कळलं.

मी सावकाश सांगतो. मला भराभर सांगता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचं जे काही आलं ते माणसांकडून आलं.

आम्ही मूळचे देगलूरकडचे. हैदराबादला आलो ते सूतगिरणीत. नव्वद सालानंतर गिरणी बंद पडली आणि मी कोठी भागात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात गठ्ठे उचलायला लागलो. ती वर्षं मोठी विचित्र होती. गल्लीगल्लीत पिवळे एसटीडी बूथ निघाले होते. खांबांवरून केबलच्या वायरी लोंबत होत्या. दिलसुखनगरला कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या पाट्या एकीवर एक चढल्या होत्या. देशात खूप काही येतंय असं लोक म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. आमच्या गल्लीतून मात्र त्या वर्षांत गेलंच जास्त. गिरणीचा भोंगा गेला, टांगे गेले, आणि शेवटी नईम साब गेले.

नईम साब सिटी बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर दुपारभर आपल्या घराच्या ओट्यावर शतरंजचा पट मांडून बसायचे. घर आमच्या समोरच, कोठीच्या मागच्या गल्लीत. ती गल्ली इतकी अरुंद की समोरून कुणी छत्री घेऊन आलं तर आपली मिटावी लागे. गीता पाच-सहा वर्षांची असल्यापासून त्या ओट्याला चिकटलेली. आधी नुसती बघायची, मग एक दिवस पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

साब आपल्या जुन्या पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार, दोन नाही. आणि राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येणार, मात्र तोवर त्याला शह बसलेला नसावा. त्या उडीला साब "ढाई" म्हणायचे, अडीच घरांची म्हणून. त्यांचा डाव नेहमी एकाच रीतीने सुरू व्हायचा. एकेक प्यादं एकेक घर, घाई नाही. मग घोड्यापुढचं प्यादं जरासं सरकवायचं आणि वेळ आली की राजाला टुणकन उडवून त्या प्याद्याच्या पाठीशी नेऊन बसवायचं. "बादशाह पैले अपना घर देखता," ते म्हणायचे, "उसके बाद लड़ता."

चाल केली की पटावर बोट टेकवून हळूच म्हणायचे, "रैट." बस सोडताना कंडक्टर म्हणतात तसं. आयुष्यभर बसमध्ये तोच शब्द म्हटला, तो तोंडातून गेलाच नाही. त्यांच्या बोटांना नाण्यांचा वास यायचा, नोकरी सुटून कित्येक वर्षं झाली तरी. आणि पट मांडताना ते आपल्या दोन्ही घोड्यांची तोंडं स्वतःकडे फिरवून ठेवायचे. गीताने एकदा विचारलं, "साब, घोडे उलटे कैकू?"

"उलटे नै बेटा. घर की तरफ मुँह. जाने वाला लौट के आना बोल के."

एकदा तिने माझ्या दुकानातल्या एका पुस्तकात बघितलं, की साबांसारखी हळू चालणारी एक सुरुवात आहे आणि इंग्रजीत तिच्या नावात 'इंडियन' आहे. ती पळत सांगायला गेली. साब इतके हसले की पान खाली पडलं. "अपनेच घर का सालन अपने कू होटल में खिलारे!"

पण खेळताना ते कुणाला सोडायचे नाहीत. गीता लहान होती, रोज हरायची, पटावर डोकं ठेवून रडायची. मला बघवेना. मी म्हटलं, "साब, एखादा डाव सोडा की लेकराला."

ते म्हणाले, "श्रीपती, मैं बस में अपनी सास का भी टिकट फाड़ा. छोड़ दिया तो वो खेल कैसा, और मैं कंडक्टर कैसा?"

गीता मोठी झाली, स्पर्धांना जायला लागली, तेव्हा साबांनीच तिला बजावलं, "वो लोगों के खेल में बादशाह कू ढाई नै मिलती. वहाँ जाको भूल जाना." पण ओट्यावर मात्र शेवटपर्यंत ढाई चालायची.

डब्याच्या त्या दिवसाआधीच्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांचा डाव रंगला होता. पांढरी साबांची, काळी गीताची. मी पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. गीताचा उंट कोपऱ्यातून असा काही रोखून बसला होता की साबांच्या राजाला हलायला धड वाटच राहिली नव्हती. साबांची चाल होती. ते खूप वेळ बघत राहिले. मग अजान झाली. ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "आज तूने बुड्ढे कू पसीना ला दी बेटा. कल देखते."

गीताने मला रात्री जेवताना सांगितलं, "आबा, आता त्यांना ढाईशिवाय मार्ग नाही. आणि ढाई घेतली तरी मी सोडत नाही." पहिल्यांदाच ती त्यांना हरवणार होती. तिला झोप नव्हती.

सकाळी साब उठलेच नाहीत.

त्यांच्या बायकोने, भाभींनी, तो पट हलवला नाही. आतल्या खोलीत नेऊन, तसाच जपून, एका पांढऱ्या कापडाखाली ठेवून दिला. राहिलेली बाजी मोडू नये असं त्या म्हणायच्या. मी कधी औषध पोचवायला गेलो की त्या कापड वर करून दाखवायच्या, "देखो भाईसाब, तुम्हारे साब की बाजी." म्हणून तो डाव मला पाठ झाला होता. नाही तर मला खेळातलं फार कळत नाही.

तर डबा घेऊन मी पोचलो. एका समाजाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हॉल होता, तिथे राज्याची मुलींची स्पर्धा चालू होती. शेवटचा डाव होता. एका सरकारी बँकेचे साहेब रोज येऊन मागे बसत. पहिल्या दोघींत आलीस तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीत घेऊ, असं त्यांनी गीताला सांगितलं होतं. पुढच्या वर्षी कोटा राहील की नाही सांगता येत नाही, हेही सांगितलं होतं. हा डाव जिंकला तरच ती दोघींत बसत होती. बरोबरी चालणार नव्हती. आणि नाही जमलं तर सोमवारपासून जीडीमेटल्याला, औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायचं, असं बोलणं पक्कं झालं होतं. उजाडायच्या आधीची बस, अंधार पडल्यावरची बस. त्यात पट कुठे बसायचा?

गीताने दोन घास खाल्ले आणि डबा परत केला. "आबा, तुम्ही जा आता."

"बसतो थोडा."

"मग माझ्याकडे बघू नका. तुम्ही बघितलं की मला सखूबाईंचा चेहरा दिसतो."

आईला ती चेष्टेत सखूबाई म्हणायची. मी हसलो आणि दोरीच्या बाहेर, बाकावर बसलो. शेजारी समोरच्या मुलीचे वडील होते. अनिल नाव. पुण्याहून कॉम्प्युटरच्या कंपनीत आलेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं स्वच्छ. चांगला माणूस होता, उगाच का खोटं सांगू.

"तुमची मुलगी का? छान खेळते हो काका. कोच कोण आहेत?"

"एक कंडक्टर होते."

त्यांना वाटलं मी विनोद केला. ते मोकळं हसले. "आमची श्रुती कॉम्प्युटरवर तयारी करते. पहिल्या बारा-पंधरा चाली तर तिच्या झोपेतही पाठ असतात. राजापुढचं प्यादं धाडकन दोन घरं. तिला संथ खेळ आवडतच नाही."

पट मांडले गेले. श्रुतीची पांढरी, गीताची काळी. श्रुती गोरी, चष्मा लावलेली, केसांना निळी रिबीन. तिने सोंगट्या मांडल्या, हात मिळवला. आणि घड्याळ सुरू करायच्या आधी तिने दोन बोटांनी आपले घोडे फिरवले. पहिला, मग दुसरा. दोघांची तोंडं स्वतःकडे.

मी बघितलं. मला वाटलं, असेल, आणखी कुणाची असेल अशी सवय.

मग तिने राजापुढचं प्यादं उचललं आणि एकच घर पुढे ठेवलं.

"अरे?" अनिलराव पुटपुटले.

पुढची चाल, वजिरापुढचं प्यादं, एक घर. मग घोड्यापुढचं, एक घर. चाल करून ती पटाच्या कडेला बोट टेकवायची आणि तिचे ओठ हलायचे. आवाज यायचा नाही. हॉलमध्ये नुसती घड्याळांची टिकटिक आणि पंख्यांची घरघर. पण माझ्या डोळ्यांसमोर ते ओठ होते, आणि तो शब्द मी इतकी वर्षं पायरीवर बसून ऐकलेला होता.

"हे काय खेळतेय ही?" अनिलराव माझ्या कानाशी म्हणाले. "ही तिची सुरुवातच नाहीये."

मी गीताकडे बघितलं. तिने डोकं वर केलं नव्हतं, पण तिची मान ताठ झाली होती. तिला माझ्या आधीच कळलं होतं. नंतर तिने मला सांगितलं, की चौथ्या-पाचव्या चालीला तिच्या अंगावर काटा आला. तिने ठरवलं की आपण वेगळं काहीतरी खेळायचं. हात पुढे केला, आणि दर वेळी तिला दिसलं की त्या जागी तीच चाल बरोबर आहे, हिवाळ्यात केलेलीच. चुकीची मुद्दाम करावी तर नोकरी जाते. मग तिने तीच केली. डाव असा एकेक पाऊल टाकत त्या ओट्यावर जाऊन पोचला.

खिडक्यांत ऊन तांबडं झालं. खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाढले. श्रुती चष्मा काढून ठेवून खेळत होती. अनिलराव चुळबुळायला लागले होते. "चष्म्याशिवाय तिला पट दिसत नाही," ते म्हणाले. "हातभरावरचं दिसत नाही हो."

आणि लाइट गेली.

त्या दिवसांत ती रोजच जायची, कुणाला नवल नव्हतं. पंखे हळूहळू थांबले. सुब्बाराव म्हणून पंच होते, त्यांनी घड्याळं थांबवायला लावली आणि प्रत्येक पटाशी एकेक मेणबत्ती लावून दिली. हॉलमध्ये मेणाचा आणि घामाचा वास भरला. तेवढ्यात त्या वासातून दुसरा वास आला. आधी मला वाटलं माझ्या हातांचा असेल. मी हात हुंगले. नाही. तो नाण्यांचा वास होता. दिवसभर मुठीत धरून ठेवलेल्या, तांब्याच्या, ओलसर नाण्यांचा.

मला भीती वाटली असं म्हणवत नाही. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आले. कल देखते म्हणाले होते, आणि आले.

घड्याळं पुन्हा सुरू झाली. श्रुतीची चाल होती. पट मेणबत्तीच्या उजेडात हलल्यासारखा दिसत होता. मी उठून दोरीपाशी गेलो. डाव तोच होता. गीताचा उंट कोपऱ्यातून रोखलेला, पांढरा राजा मधोमध अडकलेला. एक प्यादंसुद्धा इकडचं तिकडे नव्हतं. सुब्बाराव तिथेच मेणबत्ती सरळ करत वाकले होते.

श्रुतीने राजा उचलला. सावकाश, दोन बोटांनी, मानेला धरून. गीता त्या बोटांकडे बघत होती. राजा मधल्या सोंगट्यांवरून गेला, अडीच घरं, आणि घोड्यापुढच्या प्याद्याच्या पाठीशी जाऊन बसला.

"रैट," श्रुती म्हणाली. या वेळी आवाजात. जाड, पान खाऊन घोगरा झालेला आवाज... त्या कोवळ्या गळ्यातून.

सुब्बाराव आधी हसले. "अय्यो, हे काय अम्मा? राजा घोडा झाला का?" मग त्यांनी घड्याळ थांबवलं. "असं चालत नाही. मागे घे."

गीता म्हणाली, "सर, घेऊ दे तिला मागे. दुसरी कुठलीही चाल करू दे."

"दुसरी कुठलीही कशी? राजाला हात लावला, आता राजाच हलवायला पाहिजे."

"मी तक्रार केलेली नाही सर."

"मी डोळ्यांनी बघितलं ना, अम्मा. तू बस."

गीताने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, पोर साबांची आठवण येऊन कावरीबावरी झाली आहे. मी तिला डोळ्यांनी सांगितलं, बस, शांत बस.

पांढऱ्या राजाला हलायला एकच घर होतं आणि तिथे गेलं की वजीर जात होता. श्रुतीने राजा तिथे ठेवला. पुढे फार चाली झाल्याच नाहीत. गीता जिंकली. बँकेचे साहेब मेणबत्त्यांमधून वाट काढत आले आणि म्हणाले, "उद्या कागद घेऊन या."

लाइट आली तेव्हा श्रुती खुर्चीत बसून आपल्या हातांकडे बघत होती. अनिलराव तिच्यापुढे उकिडवे बसले होते. "अगं, काय झालं तुला? ही असली चाल तू कुठे बघितलीस?"

ती म्हणाली, "बाबा, डाव सुरू झाला का?"

"संपला, बाळा."

"मी आत्ताच घोडे मांडले ना..." आणि ती रडायला लागली. तिला मधलं काही आठवत नव्हतं. अनिलरावांनी तिला खांद्याशी धरून जिन्यावरून खाली नेलं.

रस्त्याला लागल्यावर मी गीताला म्हटलं, "रडतेस काय? साब तुला नोकरी देऊन गेले. त्यांना ठाऊक होतं की इथे ढाई चालत नाही. मुद्दाम घेतली. लेकरासाठी बाप करतो तसं केलं त्यांनी."

मी मिठाई घेतली. म्हटलं, घरी जाण्याआधी भाभींच्या हातावर पहिला पेढा ठेवू. आनंदाने माझे पाय जमिनीला लागत नव्हते. सखूला काय वाटेल, कसं सांगू, असंच मनात चाललं होतं.

भाभींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीला हात लावत त्या दाराशी आल्या. गीताने पाया पडून सांगितलं, "खाला, नोकरी लागली."

"अल्ला तेरे कू खुश रखे." त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आज तुम्हारे साब बहुत याद आए बेटा. बत्ती गई थी ना, मैं चूल्हे के पास थी. अंदर से किसी ने 'रैट' बोला. मैं समझी, बाहर बस निकली होगी." त्यांनी गल्लीकडे तोंड वळवलं. "फिर सोची, इस गली में बस कैसी आती?"

मी गीताकडे बघून हसलो. म्हटलं ना, साब आले होते. पण ती हसली नाही. ती सरळ आतल्या खोलीत गेली. मी मागून गेलो. तिने पटावरचं पांढरं कापड उचललं.

मी आधी राजा बघितला. राजा जागेवरच होता, मधोमध. ढाई घेतलेली नव्हती.

"हे काय," मी म्हटलं, "काही झालेलं नाही इथे."

"आबा, घोडा बघा."

पांढरा घोडा हलला होता. तो गीताच्या उंटाच्या आडवा येऊन उभा राहिला होता. उंटाची वाट बुजली होती. मला तेवढंच कळलं. गीता पटावर वाकली. ती किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. भाभी दारातून म्हणाल्या, "मैं हात नै लगाई बेटा. मेरे कू दिखता कहाँ?" त्यांना कशाला सांगायला हवं होतं. त्यांना घोडा आणि उंट वेगळा ओळखू आला नसता.

"घोडा मारला तर माझा राजा उघडा पडतो," गीता हलक्या आवाजात म्हणाली. "नाही मारला तर उंट जातो. मला दिसलंच नव्हतं हे. हिवाळाभर दिसलं नाही." तिने ओठ चावला. "मी हरलेय, आबा. ढाई न घेताच त्यांनी मला हरवलंय."

"मग?"

"मग काय? हे साब आहेत. ही चाल साबांची आहे. साबांनी मला कधी डाव सोडला होता का? एकदा तरी?" तिचा आवाज अगदी खाली गेला. "बत्ती गेली तेव्हा साब इथे होते. तिकडे हॉलमध्ये... माझ्यासमोर, साबांसारखं कोण बसलं होतं?"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मी तो खाली ठेवला.

भाभी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. आम्ही चहा प्यायलो. काय बोललो ते आठवत नाही.

गीताने बँकेत कामाला सुरुवात केली. मी तिला अडवलं नाही, आणि कशावरून अडवणार होतो? त्या पगारावर माझ्या धाकट्या लेकाचं, आदर्शचं शिक्षण झालं, सखूचं ऑपरेशन झालं, आमचं हे दोन खोल्यांचं घर झालं. सखू म्हातारपणी शेजारणींना सांगायची, "लाकडाच्या माणसांनी माझ्या पोरीचं भलं केलं." मी ऐकत बसायचो. तिला आम्ही कधी काही सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही नाही.

बँकेकडून गीता थोडे दिवस खेळली आणि मग सोडलं. लोकांना वाटलं, कामाचा व्याप वाढला. एकदा मी विचारलं. ती म्हणाली, "समोर बसलेल्या माणसाने घोड्याला हात लावला की माझा श्वास अडकतो. मला कुणाचे आणखी डाव फुकट नको आहेत." मी परत विचारलं नाही.

भाभी गेल्या तेव्हा त्यांच्या लेकाने घर विकलं. तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे. पट गीताने आणला. तिच्या खोलीत आहे, तसाच मांडलेला. चाल तिची आहे. तिने केलेली नाही. कधी कधी ती दुपारची त्याच्यासमोर बसते, साबांच्या गोष्टी काढते, सासूच्या तिकिटाची वगैरे, आणि आम्ही दोघं हसतो. साबांची भीती आम्हाला कधीच वाटली नाही. ते आपल्या जागी आहेत, आपली चाल करून वाट बघत बसलेत. त्यांना घाई नसायचीच.

दुसऱ्याचाच विचार येतो. ज्याला साबांची बोटं ठाऊक होती, आवाज ठाऊक होता, घोडे कसे फिरवायचे ते ठाऊक होतं, फक्त त्यांचा स्वभाव ठाऊक नव्हता. त्याने आम्हाला एवढं देऊन टाकलं. का दिलं? इतकी वर्षं आम्ही ते खातोय, त्यावर राहतोय, आणि अजून कुणी काही विचारायला आलेलं नाही.

हल्ली हैदराबादला लाइट फारशी जात नाही. गेली, तर गीता मला जागेवरून उठू देत नाही. अशात दारावर थाप पडली की तीच जाते, आणि उघडायच्या आधी नाव विचारते.

परवा संध्याकाळी लाइट गेली होती. थाप पडली. गीताने आतूनच विचारलं, "कोण?" बाहेर कुणी बोललं नाही. दाराच्या खालून फक्त आवाज आला... एक, मग दुसरी. बोलावलेला पाहुणा उंबऱ्याशी चपला काढतो, तसा.

लाइट आल्यावर तिने दार उघडलं. बाहेर चपला नव्हत्या, माणूस नव्हता. शेजाऱ्यांचा दिवा जळत होता.

चपला काढल्याचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला. परत पायात घातल्याचा मात्र कुणीच ऐकला नाही.